सक्ती कोणावर?

मूल शाळेंत न धाडणाऱ्या बापास सरकारनें दंड करावा काय? अज्ञान हें मुलानें स्वतः पत्करलेलें नसतें. तेव्हां त्याच्या वतीनें राज्यानें मध्यें पडणें न्याय्यच होय, असें आम्हांस वाटतें. परंतु अशा सक्तीची किंमत कोणीं द्यावयाची?

जपाननें १८७२ सालीं कायदा करून घरोघरचें मूल शाळेंत आलें पाहिजे असें ठरविलें. हेतु थोर खरा. पण शाळेचा बराचसा खर्च गांवकऱ्यांच्याच माथीं बसला, आणि वर फीही त्यांनींच द्यावयाची! शेतावर राबणारे दोन हात गेले ते निराळेच. पुढल्याच वर्षीं चिडलेल्या शेतकऱ्यांनीं कित्येक ठिकाणीं शाळा जाळल्या. त्यांस अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु सरकारी प्राथमिक शाळांतील फी तेथें उठली ती १९०० सालीं. इंग्लंडांतही हजेरीची सक्ती १८८० ची, तर फीची सुटका बहुतांशीं १८९१ ची.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं शिक्षण मोफत व सक्तीचें एकदमच केलें. गैरहजेरीस दरमहा एक रुपया दंड ठेविला. तथापि ज्या घरीं पोराच्या मजुरीवांचून चूल पेटत नाहीं, तेथें हा रुपया फीहून हलका कसा वाटावा?

भारताच्या २००९ च्या कायद्यानें सक्ती सरकारवर घातली. पालकांस कर्तव्य सांगितलें, दंड सांगितला नाहीं. सरकारनें आपलें कर्तव्य चुकविल्यास त्याजकडून तो कोल्हापुरी रुपया कोणीं वसूल करावयाचा, हें मात्र त्यांत लिहिलेलें नाहीं.