मधले आणि मध्यस्थ





गेल्या गुरुवारी नामस्मरण झालं आणि आम्ही प्रसाद वाटत होतो. तेव्हा आपल्यातल्याच एका ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी जवळ आली नि म्हणाली, "मावशी, तुम्ही दर गुरुवारी विश्वशांतीची प्रार्थना म्हणता. पण जगात जिथं लढाया चालल्यात, तिथं दोघांच्या मध्ये पडणारी माणसं कोण असतात? कुठून येतात? दुसऱ्याच्या भांडणात पडून त्यांना मिळतं काय?"

आमच्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं. "आधी प्रसाद घे बाळा" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर झोप लागेना. कारण तो प्रश्न लांबच्या देशाचा नव्हताच, तो आमच्या अंगणातला होता.

*आमच्या अंगणातली गोष्ट*

आमच्या सासऱ्यांचं कुळागर. त्यांना तीन मुलगे. थोरले भावजी मूळ घरात, धाकट्यांनी पन्नास पावलांवर नवं घर बांधलं आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये आमचं घर. आठ वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या-धाकट्यांचं वाजलं. मग गडगा कुठून घालायचा, यावरून वाढलं. मग बोलणं बंद. चवथीला एका देवघरापुढे आरती म्हणणारे भाऊ एकमेकांची सावली टाळू लागले.

दोन्ही घरच्या माणसांना मन मोकळं करायला आमचंच स्वयंपाकघर होतं. थोरल्या जाऊबाई चहाला आल्या की आम्ही म्हणायचो, "खरंच हो वैनी, तुमच्यावर अन्याय झाला." संध्याकाळी धाकटी आली की तिलाही, "खरं गं बाई, तुझंच बरोबर." आम्हाला वाटायचं, आम्ही दोघांनाही धरून आहोत. चांगलं काम करतोय.

एकदा थोरले भावजी म्हणाले, "धाकट्याला अजून व्यवहार कळत नाही." ते आम्ही धाकटीला सांगितलं. पण सांगताना जिभेवर काय आलं कोण जाणे, ते "धाकटा लबाड आहे" असं झालं. महिन्याभराने धाकट्या भावजींनी वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी घातली. जाण्यापूर्वी आमच्या ओसरीवर उभे राहून म्हणाले, "सख्ख्या भावाने मला लबाड म्हटलं, आता काय राहिलं?"

थोरल्यांनी तसं म्हटलंच नव्हतं. तो शब्द आमचा होता. आणि आम्ही गप्प राहिलो. सासूबाई गेल्या तेव्हा दोन मुलगे दोन बाजूंना उभे होते, तेव्हाही गप्प राहिलो.

आम्ही मधले होतो, मध्यस्थ नव्हतो. मध्ये घर असलं म्हणून कुणी मध्यस्थ होत नाही.

*हस्तिनापुरातलं जेवण*

मग मध्यस्थ कोण? आपल्याला पहिली आठवते ती कृष्णशिष्टाई. महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण हस्तिनापुरास जातात. पांडवांचं मागणं किती खाली आलेलं, तर फक्त पाच गावं. दुर्योधन त्यांना थाटाचं जेवण देऊ करतो. श्रीकृष्ण नाही म्हणतात. दूत काम झाल्यावरच सत्कार घेतो, असं सांगतात आणि विदुराकडे जेवतात.

आम्ही तर काम व्हायच्या आधी दोन्ही घरचं जेवत होतो. जेवण म्हणजे नुसतं अन्न नव्हे. "तूच आमची" असं कुणी म्हटलं की जो गोडवा लागतो, तेही जेवणच.

शिष्टाई फसली, युद्ध झालंच. पण विदुराला श्रीकृष्ण आधीच सांगून ठेवतात की, धर्माचं काम शक्तीनुसार करूनही साधलं नाही, तरी ते केल्याचं पुण्य लागतंच. तेव्हा "जमणार नाही, मग कशाला पडा" ही आमची सबब तिथंच संपते.

*कोतळूकचे गोखले आणि आफ्रिकेतल्या खाणी*

देवाची गोष्ट झाली, आता माणसांची. त्या मुलीने विचारलं होतं, ही माणसं येतात कुठून. एक जण आला होता आपल्या कोकणातून. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा हजारो हिंदी मजूर करारावर नेलेले होते. नाताळ प्रांतात, करार संपल्यावर तिथंच राहायचं तर दरवर्षी ३ पौंड कर. गरिबाची पाठ मोडणारा. गांधीजी तिथं सत्याग्रह करत होते. ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखले तिकडे गेले. मधुमेहाने तब्येत ढासळलेली, तरी गावोगाव फिरले. बोथा आणि स्मट्स या तिथल्या मंत्र्यांशी बोलले. कर जाणार, अशी खात्री घेऊन परत आले. पण सरकार म्हणालं, असा शब्द दिलाच नव्हता. शिवाय, गोखल्यांनी तडजोड फार केली अशी टीका इथं आपल्याच लोकांनी केली ती वेगळी. दोन्हीकडून मार!

पुढे १९१३ च्या मार्चमध्ये तिथल्या कोर्टाने निकाल दिला, त्याचा अर्थ असा निघाला की हिंदू-मुसलमान पद्धतीची लग्नं कायद्याने लग्नंच नव्हेत. बायका पेटून उठल्या. कस्तुरबांना ३ महिने सक्तमजुरी झाली. न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या कामगारांनी काम सोडलं नि दोन हजारांहून जास्त माणसं पायी निघाली. खाण बंद पडली की घरात चूल कशी थंडावते, हे आम्हा डिचोलीकरांना सांगायला नको.

गोखले आजारी होते, पण स्वस्थ बसले नाहीत. पैसा जमवला आणि दोन इंग्रज तिकडे पाठवले. त्यातले एक चार्ल्स अँड्र्यूज, दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवणारे ख्रिस्ती धर्मोपदेशक. जानेवारी १९१४ मध्ये डर्बनला उतरल्यावर त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. तिथले गोरे खवळले. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये अँड्र्यूजची आई वारली. ते माघारी गेले नाहीत. गांधीजी आणि स्मट्स यांच्यामध्ये फेऱ्या घालत राहिले.

आणखी कोण होतं पाहा. हर्मन कॅलनबाख, जर्मनीहून आलेले ज्यू वास्तुविशारद. हेन्री पोलाक, इंग्लंडचे ज्यू. दोघे हिंदी लोकांसाठी तुरुंगात गेले. आणि एक बाई, एमिली हॉबहाउस, इंग्लंडमधल्या पाद्र्याची मुलगी. बोअर युद्धात इंग्रजांनी बोअर बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं, तिथं हजारो मेले. हे हिने स्वतःच्या देशाविरुद्ध जाऊन जगाला सांगितलं. स्मट्स त्या युद्धात बोअरांचे सेनापती होते, म्हणून तिचा शब्द त्यांच्याकडे चालत असे. आजारी असताना तिने स्मट्सना लिहिलं की गांधींशी मिटवा.

जानेवारी १९१४ मध्ये तात्पुरता समझोता झाला. त्याच वर्षी कायदा होऊन ३ पौंडांचा कर गेला, आपल्या लग्नांना मान्यता मिळाली. सगळं मिळालं असं नाही, तिथले पुष्कळसे जाच तसेच राहिले. आणि गांधीजींनी तुरुंगात स्वतः केलेल्या चपलांचा जोड स्मट्सना भेट दिला, तो त्यांनी पुष्कळ वर्षं वापरला. गोखले मात्र १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले, वयाच्या ४८ व्या वर्षी.

पुढेही अशीच निरनिराळ्या घरची माणसं दिसतात. नागालँडमध्ये १९६४ साली तिथल्या चर्चच्या पुढाकाराने शांतिमंडळ झालं. त्यात सर्वोदयी जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा आणि इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट असे तिघे होते. त्या सप्टेंबरात तिथं शस्त्रसंधी झाली. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख होते सतीश नंबियार, बेळगावला ज्यांचं केंद्र आहे त्या मराठा लाइट इन्फंट्रीतले. लढाई शिकलेला माणूस शांततेच्या कामी!

*मग यांच्यात सारखं काय?*

धर्म, देश, धंदा, काहीच सारखं नाही. आम्ही खूप विचार केला तेव्हा एवढं दिसलं की, प्रत्येकाने कुणाचं तरी दुःख अगदी जवळून पाहिलं होतं, आणि त्या दुःखाचं दुसऱ्या बाजूच्या द्वेषात रूपांतर होऊ दिलं नव्हतं. एमिलीबाईंना बोअरांचं दुःख माहीत होतं, म्हणूनच हिंदी बायकांचं कळलं. एकाचं दुःख समजलं की दुसऱ्याचं समजायची वाट उघडते. आपण मात्र बहुतेक वेळा एकाचं दुःख ऐकतो आणि दुसऱ्यासाठी दार लावतो.

इथं एक ताई म्हणाल्या, "म्हणजे कुणाचीच बाजू घ्यायची नाही? अन्याय दिसत असला तरी?" प्रश्न खरा आहे. अँड्र्यूजकडे पाहा. कर अन्यायाचा आहे हे ते उघड मानत होते. पाया पडले ते गांधीजींच्या. पण स्मट्सना त्यांनी शत्रू मानलं नाही. न्याय एका बाजूला असू शकतो, माणूस मात्र दोन्ही बाजूंना असतो. अन्यायाला अन्याय म्हणायचं आणि करणाऱ्याला परत यायला वाट ठेवायची. मध्यस्थी म्हणजे दोघांना गोड लागेल असं बोलणं नव्हे.

आणि एक स्पष्ट सांगू. घरात सुनेला मारहाण होत असेल, तर तिथं "जुळवून घे" म्हणणं ही मध्यस्थी नाही. आधी तिला सुरक्षित जागी न्या, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावा. समेट दोन मोकळ्या माणसांत होतो. घाबरलेल्या माणसाची सही म्हणजे समेट नव्हे.

*पुढे काय झालं*

सद्गुरूंचं नाव घेणाऱ्याने निदान स्वतःचा शब्द तरी परत घ्यावा, असं ठरवून यंदा चवथीच्या पंधरा दिवस आधी आम्ही आधी धाकट्यांकडे, मग थोरल्यांकडे गेलो. सांगितलं, "तो शब्द आमचा होता." धाकट्या भावजींनी मान खाली घातली, बराच वेळ बोलले नाहीत. धाकटी जाऊ रडली आणि मग आमच्याशी बोलायची बंद झाली. थोरले एवढंच म्हणाले, "आई असताना सांगायचं होतं." याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

माटोळी बांधायच्या दिवशी सकाळी मूळ घराच्या सोप्यावर सुपारीचा एक भरलेला घड ठेवलेला दिसला. धाकट्यांच्या वाट्याच्या झाडाचा. ठेवणारा थांबला नव्हता. थोरल्यांनी तो उचलला आणि माटोळीच्या मधोमध बांधला. बोलणं अजून नाही. इन्व्हेंटरी चालूच आहे. हा लेख दोन्ही घरांना दाखवून, त्यांना विचारूनच पाठवत आहोत.

त्या मुलीला आता एवढं सांगू शकतो. बाळा, मध्ये पडणाऱ्याला बहुतेक वेळा काही मिळत नाही. कधी शिव्या मिळतात, कधी आईचं शेवटचं दर्शनही चुकतं. पण तो मध्ये नसला, तर मध्ये फक्त आमच्यासारखे मधले उरतात.

*या गुरुवारपर्यंत घरच्या ग्रुपवर एवढं करू या*

१) एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःला विचारायचं, हेच शब्द त्याने वापरले होते का?

२) ज्याच्याशी आपल्या घराचं बोलणं बंद आहे, त्याचं एक दुःख आपल्याला माहीत आहे का? नसेल तर ते आधी समजून घ्यायचं.

३) आपलाच एखादा शब्द परत घ्यायचा राहिला असेल, तर घरातली म्हातारी माणसं असेपर्यंत घ्यायचा. आमच्यासारखा उशीर करू नका.

॥ जय गुरुदेव ॥
आपल्या, सर्वण (डिचोली) येथील सेवेकरी भगिनी