न मांडलेली टंचाई

माझ्या कानांच्या तपासणीचा कागद अजून आईच्या लोखंडी पेटीत आहे, सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली. घडीवर फाटायला आलाय. ऑडिओग्राम म्हणतात त्याला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. डेसिबलचे आकडे वरून सुरू होतात आणि खाली खाली वाढत जातात. खूण जितकी खाली, तितकं ऐकू कमी. माझ्या खुणा डावीकडून उजवीकडे उतरत गेल्या आहेत, म्हणजे जाड आवाजातलं थोडंफार कानावर पडतं आणि बारीक आवाजातलं जवळजवळ सगळं निसटतं. स, श, च, फ ही अक्षरं मला समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच कळतात. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या बाई आईला हे समजावत होत्या तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि मला तो कागद बघताक्षणीच समजला. आमच्याकडे हिवरे बाजारात विहिरीची पातळी अशीच मोजतात, वरून खाली. टेप जितकी जास्त सोडावी लागेल तितकं पाणी कमी.

आमच्या गावात मोजण्याला फार मान आहे. पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर, एखाद्या वर्षी त्याहून कमी. पर्जन्यमापकातला आकडा लिहून ठेवायचा, विहिरींच्या पातळ्या लिहायच्या, आणि मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग बाकीचं. उरेल त्यावर पिकं ठरतात. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले त्यानंतरची ही सगळी घडण. माझा जन्म 1997 चा. 72 च्या दुष्काळाच्या आणि गाव सोडून गेलेल्या माणसांच्या गोष्टी माझ्या वाट्याला आजीच्या तोंडूनच आल्या. पण एक गोष्ट न शिकवता अंगात भिनली होती: टंचाई असेल तर ती चारचौघांत मांडायची. कुणी आपल्या विहिरीची पातळी खोटी सांगितली तर सगळ्या गावाचा हिशेब चुकतो.

त्याच गावातली मी, 2015 ते 2018 अशी तीन वर्षं नगरच्या एका कॉलेजात होते आणि माझ्या विहिरीची पातळी मी एकदाही खरी सांगितली नाही.

सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि कान गेले. बोलणं मात्र तोवर पक्कं झालेलं होतं, म्हणून माझ्या बोलण्यावरून कुणाला काही ओळखू येत नाही. कॉलेजात जाताना आई वेणी सैल घालायची, दोन्ही कान झाकतील अशी. तिला वाटायचं, मुलीच्या जातीचं कशाला बाहेर पडावं. मला वेगळं वाटत होतं असं आता म्हणता येणार नाही. ऐकण्याच्या मशीनचा सेल उतरायला लागला की कानात टिक् टिक् होतं. मी संडासात जाऊन सेल बदलायची आणि जुना सेल कागदात गुंडाळून घरी आणायची, कचऱ्याच्या डब्यात कुणाला दिसू नये म्हणून. वर्गात पंखे घरघरायचे. सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की माझ्यासाठी तास संपायचा. मी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची आणि ती विचारायची, तुझं लक्ष कुठं असतं गं? मी हसायची. आळशी म्हणवून घेणं मला परवडत होतं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. माझ्याकडे समाजकल्याणचं ओळखपत्र होतं, 52 टक्क्यांचं. एसटीला दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे. गाव ते नगर 17 किलोमीटर, रोजचं जाणं-येणं, घरची शेती बेताची. मी ते कार्ड वापरायची. पण गाडीत कॉलेजची एखादी मुलगी दिसली की कार्ड पर्समध्येच राहायचं आणि मी पूर्ण तिकीट काढायची. कंडक्टर ओळखीचा असला तर तो माझ्याकडे बघायचा. मी खिडकीबाहेर बघायची. म्हणजे जिथे काही बोलावं लागत नव्हतं तिथे मी हक्क घेतला, आणि जिथे तोंड उघडून सांगावं लागणार होतं तिथे मी स्वाभिमानी झाले.

दुसऱ्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला मोलॅरिटी विचारली. मी मोलॅलिटी सांगितली. एकीत लिटरभर द्रावण धरतात, दुसरीत किलोभर द्रावक. दोन्ही व्याख्या मला झोपेतही आल्या असत्या. पण दोन्ही शब्दांना ओठ जवळजवळ सारखेच हलतात, आणि र की ल ते कानाने ठरवावं लागतं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा जास्तच ठामपणे. त्यांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. तुम्हाला काय ऐकू आलं ते लिहून दाखवा, एवढं ते म्हणाले असते तर काम झालं असतं. पण ते का म्हणतील? समोर धडधाकट बोलणारी, चुकीचं उत्तर देणारी मुलगी बसलेली. मी त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षं राग धरला. आज तो राग मी परत घेते. त्यांना कळण्याचा प्रत्येक रस्ता मी स्वतः बंद केला होता.

इथवर जे लिहिलं त्यात नुकसान माझं एकटीचं होतं. पुढचं तसं नाही.

तिसऱ्या वर्षी, 2017 च्या पावसाळ्यात, लायब्ररीबाहेरच्या पॅसेजमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे केस घट्ट मागे बांधलेले होते आणि दोन्ही कानांमागे तपकिरी मशीन उघड दिसत होती. माझ्या सैल वेणीआडून तिला माझ्या मशीनचा कानात बसणारा साचा दिसला होता. त्याच्या नळीत वाफ धरते ती आम्हा लोकांना लांबूनही ओळखू येते. ती जन्मापासून न ऐकणारी असावी. तिचं बोलणं नाकातून, तुटक यायचं. तिने विचारलं, ताई, परीक्षेला जादा वेळ मिळतो ना? अर्ज कुणाकडे द्यायचा? मला तिचे शब्द पहिल्याच वेळी कळले, कारण तसं बोलणं मी लहानपणी तपासणीच्या रांगांमध्ये खूप ऐकलं होतं. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या. मी म्हटलं, मला नाही माहीत, मला तसं काही नाही. आणि हाताने केस कानावर ओढले.

ती माझ्या हाताकडे बघत होती. मग मान डोलावून गेली. मैत्रिणीने विचारलं, काय म्हणत होती गं ती? मी म्हटलं, काय की, नीट कळलंच नाही.

हे वाक्य मला सगळ्यात जास्त बोचतं. दुसऱ्याचं ऐकू न आल्याने आयुष्यभर ओशाळलेली मी, जे स्पष्ट ऐकू आलं तेच कळलं नाही म्हणाले.

बरीच वर्षं मी स्वतःला एक कारण देत असे. आमचं गाव श्रमदानाचं, फुकटचं घेण्याची आम्हाला सवय नाही, म्हणून मी सवलत मागितली नाही. कारण ऐकायला चांगलं होतं आणि गावाचं नाव त्यात असल्यामुळे मला ते तपासावंसंही वाटलं नाही. तपासलं तेव्हा ते टिकलं नाही. आमच्या डोंगरावरचे समतल चर घामाने खणले हे खरं, पण गाव 1994 साली आदर्श गाव योजनेत गेलं, सरकारी योजनांचा पैसा घेतला, आणि हिशेब सगळ्यांसमोर ठेवला. मागण्यात कमीपणा आहे असं तिथे कुणी कधी शिकवलं नाही. तो कमीपणा माझा होता, आणि मी तो गावाच्या नावावर खपवत होते. खरं कारण त्या पॅसेजमध्ये उभं होतं. मला त्या मुलीसारखं बोलणाऱ्यांच्यात मोजलं जायला नको होतं. माझं बोलणं स्पष्ट होतं आणि तिचं नव्हतं, एवढ्याच भांडवलावर मी स्वतःला तिच्यापेक्षा वर धरलं होतं. ते भांडवलही माझ्या कमाईचं नव्हतं. ताप सातव्या वर्षी आला, पहिल्या वर्षी नाही, इतकंच.

तिच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर सोपं होतं. तासाला 20 मिनिटं जादा वेळ द्यावा, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2013 पासून आहेत. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला, म्हणजे ती मला भेटली त्याच्या जेमतेम काही महिने आधी. सात प्रकारच्या अपंगत्वाऐवजी एकवीस प्रकार त्यात आले, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा 5 टक्के झाल्या, आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी ठरली. न ऐकणाऱ्याला जादा वेळापेक्षा कधी कधी साध्या गोष्टींचीच जास्त गरज असते. सरांनी वर्गाकडे तोंड करून बोलावं, टिपणं आधी हातात द्यावीत, तोंडी परीक्षेतले प्रश्न लिहून द्यावेत. यासाठी इमारत पाडावी लागत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र चालू आहे. कॉलेजने मनावर घेतलं तर काय होतं ते आपल्याच राज्यात दिसतं. पण कुणीतरी येऊन सांगावं लागतं की मी इथे आहे, मला हे कमी पडतंय.

2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्याचा निकाल दिला. लिहिताना त्यांच्या हाताला पेटके यायचे, पण 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांना लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोय मिळण्याला ही 40 टक्क्यांची अट लागत नाही. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने अशा परीक्षार्थींसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ही बातमी वाचली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी पेपर घडी करून ठेवला आणि पाणी प्यायला उठले. त्या माणसाकडे प्रमाणपत्रही नव्हतं आणि तो मागत राहिला, तेव्हा त्याच्यामागून येणाऱ्या कितीतरी जणांची वाट झाली. माझ्याकडे शिक्क्यासह प्रमाणपत्र होतं आणि ते पेटीत होतं. दर वर्षी कॉलेजांकडून दिव्यांग विद्यार्थ्यांचा आकडा वर पाठवला जातो. अर्जातला दिव्यांगत्वाचा रकाना मी तीन वर्षं 'नाही' म्हणून भरला. त्या कॉलेजात सोयी नव्हत्या अशी तक्रार करायचा अधिकार मी तिथेच घालवला, कारण त्या नसण्यात माझ्या 'नाही'चाही वाटा आहे.

लपवणं बंद झालं ते माझ्या धैर्याने झालं नाही. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि ओठ दिसेनासे झाले. बी.एड.ला असताना एका मुलाखतीत चार मास्क लावलेली माणसं समोर बसली होती, आणि मला एक अक्षर कळेना. मग मी मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, मला कमी ऐकू येतं, जरा इकडे बोलाल का? माझा आवाज थरथरत होता. त्यांनी फोन जवळ ओढून घेतला आणि बोलायला लागले. बस. इतकंच झालं. त्याच्यासाठी मी तीन वर्षं आणि एक माणूस घालवला होता.

आता मी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वर्षाच्या पहिल्या तासाला मशीन काढून मुलांना दाखवते, मोलॅरिटी आणि मोलॅलिटी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. प्रवेशाच्या अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना कोरा दिसला तर मुलाला बाजूला घेऊन विचारते. हे सगळं मी करते आणि ते बरं आहे, पण याने त्या पॅसेजमधलं फिटत नाही हे मला माहीत आहे. तिला मी नंतर शोधलं. नाव विचारलंच नव्हतं, त्यामुळे शोधायचं म्हणजे तरी काय.

गेल्या हिवाळ्यात गावी गेले होते. हिवरे बाजार बघायला बाहेरगावच्या लोकांच्या गाड्या येतात, तशी बचत गटाच्या बायकांची एक गाडी आली होती. त्यातल्या एकीच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर होती, दोन्ही कानांना मशीन, आणि पोर ती ओढून काढत होती. बाई माझ्याजवळ आली. माझे केस त्या दिवशी वर बांधलेले होते. तिने हळूच विचारलं, ताई, हिला पुढं शाळा-कॉलेज जमेल का हो? मी तिच्याजवळ ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं, प्रमाणपत्र कुठे काढायचं, कार्ड कसं मिळतं, साचा मोठा होत जाणाऱ्या कानाप्रमाणे बदलत राहावा लागतो, परीक्षेत काय मागायचं आणि लेखी कसं मागायचं. अर्धा तास बोललो आम्ही.

पण तोंड उघडायच्या आधी मी एकदा मागे वळून पाहिलं होतं, जवळपास ओळखीचं कोण आहे ते.