न दिसणारी हिंसा

गळ्यात माळ पडली की वारकऱ्याचा मांसाहार सुटतो. पायाखाली मुंगी येऊ नये इतके आपण जपतो. पण जी इजा डोळ्यांना दिसत नाही आणि जिच्यासाठी कोणी रडत नाही, ती हिंसा म्हणावी की नाही?

गांडुळाचेच घ्या. त्याला फुप्फुस नाही. ओल्या कातडीने ते श्वास घेते आणि माती खाऊन जगते. जमीन घडवण्यात या जीवाचा केवढा वाटा आहे, हे डार्विनने १८८१ साली ग्रंथ लिहून जगाला दाखविले. मातीत कॅडमियमसारखा विषारी धातू उतरला की तो याच्या अंगात साठतो. वरून पाहाल तर गांडूळ वळवळते आहे, खाते आहे, सारे ठीक! शास्त्रज्ञ मात्र त्याच्या अंगरसातील पेशी जेलच्या पातळ थरात बसवून विजेचा प्रवाह सोडतात. पेशीतले आनुवंशिक सूत्र, म्हणजे डीएनए, तुटलेले असले तर ते बाहेर ओढले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. घाव जितका मोठा तितकी शेपटी ठळक.

कोणी म्हणेल, "अहो, नांगराखालीही गांडुळे मरतात. मग शेती सोडायची का?" मुळीच नाही. नांगर पोटासाठी चालतो, आणि वाचलेल्या जीवांना त्यांची माती उरते. विषाने मात्र वाचलेल्याचे घरच नासते. तुटलेले सूत्र सांधण्याची शक्ती देवाने पेशीला दिली आहे खरी; पण धातू कुजत नाही, म्हणून घाव रोज नवा होतो. बीजपेशीला तो लागला तर पुढच्या पिढीतही उतरू शकतो.

"गांडूळ जगले तर पीक येईल, म्हणून जपा," असेही सांगतात. ते खरेच, पण तो झाला व्यापाराचा हिशेब. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजले, तेव्हा गाढव आपल्या काय कामाचे, हे विचारले नाही. जीव तळमळतो आहे, एवढे पुरे झाले. गांडुळाला तर तळमळ दाखवायला तोंडही नाही. म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

तेव्हा औषधाचे रिकामे डबे ओढ्यात धुऊ नयेत, जुन्या बॅटऱ्या उकिरड्यात टाकू नयेत, आणि गावच्या जमिनीत कोणी विषारी सांडपाणी सोडीत असेल तर गप्प बसू नये. माळेचा नेम ताटापाशी संपत नाही. तो मातीपर्यंत जातो, असे आम्हांस वाटते.

रामकृष्णहरि.