मूळ नसलेली संख्या

हिंदीत 'अभाज्य', तमिळमध्ये 'पगा एण्' म्हणजे न भागणारी. बंगालीत 'मौलिक', मराठीत 'मूळ'. गुणधर्म एकच. पण पहिली दोन नावं ती संख्या काय करत नाही ते सांगतात आणि उरलेली दोन तिला थेट कुळच बहाल करतात. अनुवादकाच्या कानाला 'मूळ' जरा टोचतो. आमचा सगळा धंदाच मूळ नसलेल्याचा.

२चा ६७वा घात करून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं. १८७६ मध्ये ल्युकाने सिद्ध केलं, की ती मूळ नाही, संयुक्त आहे. गंमत अशी, की तिचे अवयव त्याला ठाऊक नव्हते. मूळ संख्येने पाळायलाच हवा असा एक नियम घ्यायचा आणि ही संख्या तो मोडते एवढं दाखवायचं, अशी ती रीत. भागून बघायचं कामच नाही.

अवयव सापडले १९०३ मध्ये: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. फ्रँक नेल्सन कोल याने अमेरिकेतल्या गणितज्ञांच्या सभेत चकार शब्द न काढता फळ्यावर हा गुणाकार केला, अशी आख्यायिका आहे. ल्युकाचा निकाल समजायला सिद्धान्त लागतो. कोलचा निकाल शाळकरी पोरही पडताळू शकतं, चिकाटी असली तर.

मधल्या २७ वर्षांत ती संख्या आपल्याला 'माहीत' होती का? मी हो म्हणेन. अनुवाद करताना ओळ चुकली आहे हे ठामपणे कळतं, बरोबर ओळ कोणती याचा मात्र पत्ता नसतो. म्हणून ते चुकलेपण कमी खरं ठरत नाही. नाकारणाऱ्याने पर्याय हातात घेऊनच यावं, ही अट मला अन्यायाची वाटते.

पण ल्युका नकारापाशी थांबला, तसे आपण थांबत नाही. 'मूळचे कुठले?' असं विचारतो आणि समोरचा इथला नाही एवढं कळलं, की ओळख झाली असं धरून चालतो. 'संयुक्त' हेही शेवटी 'मूळ नाही' याचंच सभ्य रूप. ८ संयुक्त, ९ संयुक्त आणि ही एकवीस अंकीही संयुक्त. तेवढ्यावरून त्यांच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

फर्माच्या संख्यांमध्ये २चा १,६७,७७,२१६वा घात अधिक १ अशी एक आहे. ५०,५०,४४६ अंकांची. ती संयुक्त असल्याचं १९९९ मध्ये संगणकांनी दाखवलं. अवयवांचा रकाना अजून कोरा आहे.