वैद्यवृत्तीतील धूर

मनुस्मृतीत वैद्याचे अन्न अग्राह्य मानले आहे. रक्त-पुवाशी नित्य संबंध आणि दुसऱ्याच्या व्याधीवर चालणारा निर्वाह, हे या वृत्तीचे दोष आजही उरलेच आहेत. मग विवेकी तरुणाने ती का पत्करावी?

म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १९८४ साली स्वामी विवेकानंदांच्या नावाने एक युवक-संस्था स्थापिली. पुढे त्याच जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, अरण्यातून विस्थापित झालेल्या जेनु कुरुबादि वनवासी जनांत, तिची रुग्णसेवा सुरू झाली. तेथे धनाची आशा नव्हती. अर्थात् दुसरा दोष आपोआप गळाला. पहिला राहिलाच. परंतु अरण्यातील ताप वैद्याच्या शुचितेसाठी थांबत नाही.

अग्नीला धूर, तसा प्रत्येक कर्माला दोष, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. तो उपदेश ‘सहज’ कर्माविषयी आहे, निवडलेल्या वृत्तीविषयी नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. शब्दार्थाने तो योग्यही आहे. मात्र निवडणाऱ्यावर बंधन अधिकच येते: धूर आधी पाहूनच त्याने अग्नीजवळ बसावयाचे असते. म्हणून मुलगा वा मुलगी वैद्यक शिकू म्हणेल, तेव्हा गृहस्थाने वेतनाची चौकशी मागाहून करावी. मध्यरात्री परक्या रोग्याची ओकारी पुसताना मन विटणार नाही ना, हे प्रथम विचारावे.