भिंतीवांचून बंदिवास

तुरुंग म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम भिंत उभी राहते. उंच दगडी तट, लोखंडी दरवाजा, दरवाज्यावर बंदूकधारी पहारेकरी, हें चित्र इतकें पक्कें झालेलें असतें कीं भिंत वजा केली तर तुरुंगांत शिल्लक काय राहील, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहीं. पण हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीचा नाहीं. अमेरिकेंत संघ-सरकारच्या ताब्यांतील, किमान बंदोबस्ताचे असे स्त्रियांचे कांहीं तुरुंग आहेत. त्यांना तेथें 'कॅम्प' म्हणतात. सभोंवार तट नाहीं. कोठें साधें कुंपण, तर कोठें तेंही नाहीं. पहारेकरी थोडे, राहण्यास मोठ्या बराकी, आणि समोर मोकळें आकाश. अशा ठिकाणीं पाठविलेल्या स्त्रीच्या वाट्याला खरोखर काय येतें, हें पाहूं लागलें म्हणजे शिक्षेविषयींच्या आपल्या बऱ्याच समजुती पुन्हां तपासून पाहाव्या लागतात. ती तपासणी आज आम्ही करूं इच्छितों.

संघ-सरकारचा स्त्रियांसाठींचा पहिला तुरुंग १९२७ सालीं वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील डोंगराळ मुलुखांत, ऑल्डरसन गांवाजवळ सुरू झाला. तोंपर्यंत संघीय कायद्याखालीं शिक्षा झालेल्या स्त्रियांस स्वतःची अशी जागाच नव्हती; निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंगांत त्यांची कशीबशी सोय लावीत. त्या वेळच्या सहायक अॅटर्नी जनरल मेबल वॉकर विलेब्रांट आणि स्त्रियांच्या अनेक संघटना यांनीं खटपट केली, तेव्हां ही संस्था निघाली. तिच्या पहिल्या अधीक्षक मेरी बेल हॅरिस या होत्या. या बाईंनीं शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती, आणि तीही संस्कृत व तौलनिक भाषाशास्त्र या विषयांत, हें वाचून मराठी वाचकास कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्यांच्या देखरेखीखालीं ऑल्डरसनला निवासी शाळेचें रूप आलें. तट नव्हता, स्त्रिया लहान लहान इमारतींतून राहत, आणि त्यांच्या कारभारांत त्यांचा स्वतःचाही थोडा हात असे. मनुष्यावर विश्वास टाकला तर तो विश्वासास पात्र होतो, ही या रचनेमागची श्रद्धा होती. त्या श्रद्धेलाही कालाची मर्यादा होती: काळ्या व गोऱ्या स्त्रियांच्या इमारती पुष्कळ वर्षें वेगवेगळ्या होत्या.

आतां लोकमत काय म्हणतें तें पाहूं. सुप्रसिद्ध गृहकलातज्ज्ञ व उद्योजिका मार्था स्टुअर्ट यांना शेअरविक्रीच्या चौकशींत खोटें बोलल्याबद्दल व चौकशीस अडथळा आणल्याबद्दल शिक्षा झाली आणि २००४ च्या ऑक्टोबरपासून २००५ च्या मार्चपर्यंत पांच महिने त्या ऑल्डरसनला होत्या. त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं या तुरुंगाचें 'कॅम्प कपकेक' हें टोपणनांव घरोघर पोंचविलें. कपकेक म्हणजे वर साखरेची नक्षी काढलेला लहानसा गोड केक. हा तुरुंग कसला, ही तर विश्रांतीची जागा; श्रीमंतांसाठीं कायदा मऊ होतो, असा त्या थट्टेचा आशय. हा पूर्वपक्ष अगदींच पोकळ नाहीं. ज्या स्त्रीची पर्स चोरीला गेली किंवा जिच्या आयुष्याची पुंजी कोणी लबाडीनें बुडविली, तिनें अपराध्यास हिरवळीवरून फिरतांना पाहिलें तर तिला संताप येणें स्वाभाविक आहे. शिक्षा झाली असें म्हणण्यास कांहीं तरी सोसावें लागलें पाहिजे, हें त्या संतापाचें म्हणणें आहे.

तर मग काय सोसावें लागतें? प्रथम, कित्येक स्त्रियांस कोणी पकडून नेत नाहीं. न्यायालयानें दिलेल्या दिवशीं त्या आपल्या पायांनीं तुरुंगाच्या दाराशीं हजर होतात. नवरा, आई किंवा बहीण गाडींतून पोंचविते. सामान म्हणून जवळजवळ कांहींच न्यावयाचें नसतें. खडा नसलेली साधी लग्नाची अंगठी तेवढी बोटांत राहूं देतात. आंत गेल्यावर अंगावरील सर्व वस्त्रें उतरवून झडती होते, सरकारी कपडे मिळतात आणि आठ आंकडी नंबर मिळतो. पुढें प्रत्येक कागदावर नांवाबरोबर तो नंबर येतो. मध्यमवर्गांतील ज्या स्त्रियांचे या अनुभवाविषयींचे लेख प्रसिद्ध झाले आहेत, त्यांत अन्नाच्या किंवा बिछान्याच्या तक्रारीपेक्षां या पहिल्या तासाची आठवण अधिक खोल उमटलेली दिसते.

त्यानंतरचें जीवन नियमांचें असतें. दिवसांतून अनेक वेळां गिनती होते. दुपारीं चार वाजतांच्या गिनतीला प्रत्येकीनें आपल्या खाटेजवळ निमूटपणें उभें राहावयाचें. प्रकृति धड असलेल्या प्रत्येकीस काम करावें लागतें: स्वयंपाकघर, धुलाई, बागकाम, विजेचीं वा नळाचीं दुरुस्तीचीं कामें. त्याची सामान्य मजुरी ताशीं १२ ते ४० सेंट, म्हणजे साऱ्या दिवसाच्या श्रमांत बाहेर एक पेला कॉफीसुद्धां येणें कठीण. साबण, टपालाचीं तिकिटें, टेलिफोनचा खर्च हें सारें तुरुंगांतील खात्यांत जमा असलेल्या पैशांतून भागवावयाचें. घरून पैसे येत असतील तिचें एक, न येतील तिचें दुसरें. टेलिफोनवरील बोलणें पंधरा मिनिटांनीं तुटतें, आणि तें ऐकलें जात असतें. बराकींत एकांत म्हणून नाहीं. रडावयाचें तरी दुसरीच्या देखत. संघीय कायद्यांत १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या अपराधांना पॅरोलची सोय उरलेली नाहीं. चांगल्या वर्तनाबद्दल वर्षाला जास्तींत जास्त ५४ दिवसांची सूट मिळते. २०१८ च्या कायद्यानें शिक्षणक्रम पुरे करणाऱ्यांस आणखी कांहीं सवलत दिली.

या यादींत छळ कोठेंही नाहीं. मग दुःख कशांत आहे? आमच्या मतें तें दोन गोष्टींत आहे, आणि भिंत नसल्यामुळें त्या दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

पहिली गोष्ट अशी कीं, येथें कैदीण स्वतःच स्वतःची पहारेकरीण होते. भिंतीच्या तुरुंगांत मनुष्य आंत राहतो, कारण त्याला बाहेर जातांच येत नाहीं. येथें बाहेर जातां येतें. रस्ता समोर दिसत असतो. परंतु तो ओलांडणें म्हणजे पलायनाचा नवा अपराध, त्याला आणखी पांच वर्षांपर्यंत कैद, आणि पकडल्यावर खराखुरा तट असलेला तुरुंग. १९८७ च्या डिसेंबरांत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर पिस्तूल रोखल्याबद्दल जन्मठेप भोगणारी लिनेट फ्रॉम ही ऑल्डरसनहून पळाली, ती दोन दिवसांत हातीं लागली. अशीं उदाहरणें थोडीं. बाकीच्या हजारों स्त्रिया रोज सकाळीं उठून न जाण्याचा निश्चय नव्यानें करीत आल्या. लक्ष्मणरेषा सीतेच्या रक्षणासाठीं होती असें म्हणतात. ही रेषा तशी नाहीं. येथें बंदिवानाच्या इच्छाशक्तीलाच बंदिवासाच्या कामाला जुंपलेलें असतें. यांत तिचा गौरव आहे कीं अधिक सूक्ष्म अशी गुलामगिरी आहे? आम्हांस वाटतें, दोन्ही आहे. आपला शब्द पाळण्याची संधि मिळणें हा गौरव खरा. पण जो शब्द दुसरा मार्ग नसल्यामुळें दिला, तो पुरता आपला नसतो.

दुसरी गोष्ट मुलांची. अमेरिकेंतील तुरुंगांत असलेल्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रिया अज्ञान मुलांच्या आया आहेत. आई तुरुंगांत गेली म्हणजे घर बहुधा आजीच्या किंवा मावशीच्या अंगावर पडतें, आणि कधीं सरकारच्याही. स्त्रियांचे संघीय तुरुंग संख्येनें थोडे, म्हणून ते घरापासून दूर. २०१३ सालीं कनेक्टिकट राज्यांतील डॅनबरी येथील स्त्रियांचा तुरुंग पुरुषांना देऊन तेथील पुष्कळशा स्त्रियांस दूर दक्षिणेस अॅलाबामा राज्यांत हलविण्याची योजना निघाली, तेव्हां ईशान्येकडील सिनेटरांनीं व न्यायाधीशांनींही हरकत घेतली; मुलें आईला भेटणार कशीं, हाच त्यांचा प्रश्न होता. २०१८ च्या कायद्यानें, शक्य तेथें कैद्यास घरापासून ५०० मैलांच्या आंत ठेवावें, असें सांगितलें. पांचशें मैल! पुण्याहून निघून पांचशें मैल गेलें तर मनुष्य महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पार निघून जातो. आणि एवढा प्रवास करून मूल आलें, तर भेटीच्या आरंभीं व शेवटीं त्याला एकदां पोटाशीं धरावयाचें. मुलाखत संपल्यावर आईची पुन्हां झडती होऊं शकते.

येथें मुख्य प्रश्न उभा राहतो. ज्या व्यक्तीस आंत ठेवण्यास भिंत लागत नाहीं, तिला तुरुंग कां लागतो? तिच्यापासून समाजास धोका नाहीं, हें सरकारनेंच भिंत न बांधून कबूल केलेलें आहे. तेव्हां समाजरक्षण हें कारण येथें चालत नाहीं. ती पळून जाईल, ही भीतिही नाहीं. उरतें तें एकच कारण: निषेध. अमुक कृत्य आम्हीं सहन करणार नाहीं, हें समाजानें सर्वांदेखत सांगणें. हें कारण आम्ही हलकें मानीत नाहीं. श्रीमंत अपराध्यानें दंड भरून मोकळें व्हावें आणि गरिबानें कोठडींत जावें, असें झालें तर न्याय म्हणजे बाजारांतला माल ठरेल. कोट्यधीश बाईलाही चार वाजतां खाटेजवळ उभें राहावें लागतें, यांत समतेचा एक धडा आहे, आणि तो आवश्यक आहे.

परंतु कारणाला त्याची मर्यादा असते, आणि शिक्षेनें ती मर्यादा ओलांडतां कामा नये. आपल्या धर्मशास्त्रानें वाग्दंड, धिग्दंड, धनदंड व वधदंड अशा पायऱ्या लाविल्या. त्या ग्रंथांतील वर्णभेदाचा अन्याय आम्हांस मान्य नाहीं. तथापि दंड पायरीपायरीनें असावा, हा विचार टाकाऊ नाहीं. भिंतीवांचूनचा तुरुंग हा वस्तुतः धिग्दंडच आहे. धिक्कारासाठीं बाईचें स्वातंत्र्य कांहीं महिने काढून घेणें समजूं शकतें. पण मुलापासून शेंकडों मैलांचें अंतर हें धिक्काराला कोठें लागतें? अपराध न केलेल्या मुलाचें बाळपण त्या हिशेबांत कोणत्या न्यायानें धरावयाचें? आणि शिक्षा संपल्यावरही ती संपूं नये, हें कोणत्या न्यायानें? बिली हॉलिडे ही थोर गायिका अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठीं १९४७-४८ सालीं ऑल्डरसनला होती. तेथें असेतों आपण गाणें म्हटलें नाहीं, असें तिनें पुढें सांगितलें आहे. सुटून आल्यावर कार्नेगी हॉलमधील श्रोत्यांनीं तिचें स्वागत केलें. पण न्यूयॉर्कमधील मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्याचा परवाना तिला मिळाला नाहीं. तुरुंगांत ती आपखुषीनें मुकी होती. बाहेर तिला सरकारनें मुकें केलें.

मृदु तुरुंगाच्या कैवाऱ्यांनाही एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. भिंत नाहीं म्हणजे सत्ता नाहीं असें नव्हे. कॅलिफोर्नियांतील डब्लिन येथें स्त्रियांचा एक संघीय तुरुंग व त्याला जोडून एक कॅम्प होता. तेथील अनेक अधिकाऱ्यांनीं बंदिवान स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचें सिद्ध झालें. त्यांत खुद्द प्रमुखही होता, व २०२२ सालीं तो दोषी ठरला. २०२४ च्या एप्रिलांत तो तुरुंग बंद करण्यांत आला. जेथें एकीचें प्रत्येक साधें सुख दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तेथें कैद्यावर विश्वास टाकण्यापेक्षां रखवालदारावर नजर ठेवणें अधिक निकडीचें असतें.

आपल्याकडेही असा एक प्रयोग झालेला आहे. औंध संस्थानांत भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दींत, मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थाच्या प्रेरणेनें, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ च्या सुमारास वसली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. ती वसाहत पुरुषांची. त्यांतील कित्येकांचे अपराध खुनासारखे. तरी तेथें बंदिवानास आपल्या बायकामुलांसह राहून शेती करूं देण्याची पद्धति पडली. खुनाच्या अपराध्यास जें देतां येतें, तें हिशेबांत लबाडी करणाऱ्या किंवा नवऱ्याच्या अफूच्या व्यापारांत ओढल्या गेलेल्या आईला कां देतां येऊं नये, याचें उत्तर आम्हांस सांपडलेलें नाहीं. भिंत काढणें हें पहिलें पाऊल होतें, आणि तें १९२७ सालींच पडलें. पुढचें पाऊल घराच्या दिशेनें पडावयास हवें.

म्हणून अशा तुरुंगाची बातमी वाचून 'ही कसली शिक्षा' असें आपल्या तोंडून निघूं लागेल, तेव्हां आपण क्षणभर थांबावें. शिक्षा तेथें आहे, आणि ती थोडी नाहीं. विचारावयाचें असेल तर हें विचारावें कीं, तिच्यांतील कोणता भाग त्या बाईच्या अपराधाचा आहे, आणि कोणता भाग तिचीं मुलें भोगीत आहेत.