न्यायासन आणि सदसद्विवेक

जो अन्याय आपण ओळखला, त्याच अन्यायावर माणूस आयुष्यभर जगत राहिला, तर त्याला काय म्हणावे? दांभिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याचे न्यायमूर्ती विल्यम गॅस्टन (१७७८–१८४४) यांचे चरित्र वाचताना मात्र आम्हांला ते साधले नाही.

कॅथलिक मातेने वाढविलेला हा पितृहीन मुलगा १७९१ साली बिशप जॉन कॅरोल यांनी स्थापिलेल्या जॉर्जटाउन विद्यालयाचा पहिला विद्यार्थी झाला. पुढे वकिली, काँग्रेसचे सदस्यत्व आणि १८३३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील नेमणूक. अडचण होती ती राज्यघटनेची. प्रॉटेस्टंट धर्माचे सत्य नाकारणाऱ्यास तिच्यात अधिकारपद वर्ज्य होते. कॅथलिक असणे म्हणजे ते सत्य ‘नाकारणे’ नव्हे, असा निर्वाळा आपल्या मनाशी देऊन गॅस्टन यांनी पद स्वीकारले. ही शब्दांची कसरत होती काय? थोडी असेलही. परंतु १८३५ च्या घटना परिषदेत त्यांनी ही धार्मिक अटच काढून टाकावी म्हणून दीर्घ भाषण केले. परिषदेने केवळ ‘प्रॉटेस्टंट’ या शब्दाच्या जागी ‘ख्रिस्ती’ हा शब्द घातला. ज्यू बांधव १८६८ पर्यंत दाराबाहेरच राहिले.

१८३४ साली त्यांच्यापुढे विल नावाच्या गुलामाचा खटला आला. कुदळीवरून झालेल्या तंट्यात मुकादमाने पळणाऱ्या विलच्या पाठीत गोळी झाडली होती. पकडला गेल्यावर झटापटीत विलने त्याला सुऱ्याने भोसकले. मुकादम मेला आणि विलला फाशी सुनावली गेली. मालकाची सत्ता निरपवाद असली पाहिजे, असे त्याच न्यायालयाने काही वर्षांपूर्वी म्हटलेले होते. गॅस्टन यांनी निकाल दिला : जिवाच्या भीतीने होणारा क्षोभ गुलामालाही होतो, हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. विलचा फास सुटला. १८३८ साली मॅन्युएल खटल्यात त्यांनी राज्यात जन्मलेले मुक्त कृष्णवर्णीय हे राज्याचे नागरिक असल्याचे सांगितले. ड्रेड स्कॉट खटल्यात १८५७ साली न्यायमूर्ती कर्टिस यांनी आपल्या भिन्नमतात याच निकालाचा आधार घेतला.

असे हे न्यायमूर्ती स्वतः शंभराहून अधिक गुलामांचे मालक होते! गुलामगिरी हा दक्षिणेचा सर्वांत मोठा शाप आहे, असे १८३२ साली विद्यार्थ्यांपुढे उघड सांगणारेही तेच. न्यायासनावर त्यांचे हात शपथेने बांधलेले होते, हे आम्ही मान्य करतो. त्यांनी रागाने पद झुगारले असते, तर विलचे काय झाले असते, हाही विचार मनात येतो. पण घरच्या गुलामांना कोणत्या शपथेने अडकवून ठेवले होते? १८३० च्या कायद्याने मुक्ती अवघड केली होती. मुक्त झालेल्यास राज्य सोडावे लागे. अवघड होते, अशक्य नव्हते. विलसाठी जे त्यांना दिसले, ते आपल्या शेतमळ्यावर त्यांनी पाहू दिले नाही, असेच आम्हांला वाटते.

मात्र त्यांच्याकडे बोट दाखवताना ख्रिस्तसभेची वही मिटलेली ठेवता येत नाही. मॅन्युएल खटल्याच्याच वर्षी, १८३८ साली, मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्याकडील २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउनचे कर्ज फेडण्यास गेला.